टॅटूचा नियम जाहिरातीच्या पहिल्या पानावर छापा

मा. संपादक,

टॅटूच्या हौसेपायी तरुण मुलं नोकऱ्या गमावतात, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाची कळकळ खरी वाटली. पण लेख संपल्यावर हाती एवढंच लागतं की पोरं बिघडली आहेत आणि टॅटूवाले त्यांना बिघडवतात. मी त्या टॅटूवाल्यांपैकी एक. कराडात एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा गल्लीत माझं छोटं दुकान आहे. नेमकं काय केलं की नोकरी जाते, कोणती जाते आणि का जाते, हे त्या लेखात आलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या घरात हे काम नवं नाही. आजी जत्रांमधून गोंदायची. पौषात पाल आणि मांढरदेव, चैत्रात शिंगणापूर, मधल्या दिवसांत आठवडी बाजार. सुयांची जुडी, काजळी आणि कसल्याशा पाल्याचा रस एवढंच तिचं सामान. बायका हातावर तुळस घ्यायच्या, हनुवटीवर ठिपका, कपाळावर चंद्रकोर. पुरुष मारुती नाहीतर विंचू. दागिने इथंच राहतात, मेल्यावर गोंदण तेवढं बरोबर येतं, असं म्हणत म्हाताऱ्या सुनांना बळंच समोर बसवायच्या. त्या गोंदणामुळे कुणाची नोकरी गेल्याचं आजीनं कधी सांगितलं नाही. त्या बायकांना नोकरी द्यायला बसलं होतं कोण म्हणा!

आता माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक बघा. सातारा जिल्ह्याला फौजेचं वेड जुनं. अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ कायमचं जोडलं गेलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या पोरांत भरतीची तयारी करणारी बरीच असतात. पहाटे ग्राउंडवर पळतात, दुपारी अकॅडमीत गणित-बुद्धिमत्ता करतात आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या खुर्चीत येऊन बसतात. कुणाला राजमुद्रा पाहिजे, कुणाला महाराजांची छबी, कुणाला त्रिशूळ, कुणाला नुसतं ‘आई’. एखादा मोबाइलमध्ये विराट कोहलीचा फोटो काढतो, “असा भरलेला हात पाहिजे.” त्याला मी सांगतो, बाबा, कोहलीला मेडिकल बोर्डासमोर उभं राहायचं नव्हतं, तुला राहायचं आहे.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : भरती करतोस का? हो म्हणाला की दुसरा : कुठली? या दुसऱ्या प्रश्नाला पोरं हसतात. सगळीकडेच फॉर्म भरलाय की, मिळेल ती नोकरी. घोळ सुरू होतो तो इथून.

सैन्यात, अग्निवीर भरती धरून, कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. छाती, पाठ, दंड, मान, पाय, कुठंही दुसरीकडे असेल तर उमेदवार बाद. आदिवासी उमेदवारांच्या अंगावर किंवा चेहऱ्यावर रूढीप्रमाणे गोंदण असेल, तर एकेकाचा वेगळा विचार करून त्यांना घेतात. हा नियम मला पटतो. कुठं चालेल ते सरळ सांगितलंय, आणि आजीच्या सुईलाही थोडी जागा ठेवली आहे.

आता केंद्रीय दलं : सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी. यांच्या शिपायांची (जनरल ड्युटी) भरती स्टाफ सिलेक्शन कमिशन एकत्र करतं, म्हणून पोरं या सगळ्याला मिळून ‘एसएससी जीडी’ किंवा नुसतं ‘जीडी’ म्हणतात. इथं हाताची आतली बाजू चालते, पण फक्त डाव्या हाताची, कारण उजव्या हातानं सॅल्यूट करायचा असतो. पंजाच्या मागची बाजूही चालते. आकार मात्र त्या अवयवाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी हवा. चित्राचंही बंधन आहे : देवाधर्माचं चिन्ह किंवा आकृती, नाहीतर नाव.

म्हणजे ज्या पोरानं उजव्या हाताला आतून ‘आई’ लिहून घेतलं, तो सैन्याच्या नियमात बसतो आणि जीडीच्या नियमात बसत नाही. दोन्ही जागा याच देशाच्या, दोन्हीकडे गणवेश, दोन्हीकडे सॅल्यूट उजव्याच हाताचा. मग सैन्याला जे खटकत नाही ते सीमेवरच्या दुसऱ्या दलाला का खटकावं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. माझ्या दुकानात बसणाऱ्या निवृत्त सुभेदारांनाही विचारलं. ते म्हणाले, “नियम हाय न्हवं, मग झालं.” फौजी माणसाचं उत्तर आहे, त्यावर काय बोलणार?

राजमुद्रेचं तर त्याहून अवघड. आमच्या भागात सगळ्यात जास्त मागणी तिलाच आहे. ती ना देवाची आकृती, ना कुणाचं नाव. धार्मिक चिन्ह म्हणावं की नाही? मी म्हणून उपयोग नाही, मेडिकलला समोर बसलेले डॉक्टर काय म्हणतात त्यावर सगळं. ते मराठी असले तर एक, परप्रांतातले असले तर दुसरं, असं होऊ नये. पण होणारच नाही असं छातीठोक सांगता येईल का? म्हणून भरतीवाल्या पोराला मी राजमुद्रा करून देत नाही. त्याला राग येतो. महाराजांचं करायला नाही म्हणतो म्हणून एकानं दुकानाबाहेर उभं राहून मला बरंच ऐकवलं होतं.

पाव हिस्सा म्हणजे किती, हेही पोरांना कळत नाही. मी स्टेन्सिलचा कागद कोपरापासून मनगटापर्यंत गुंडाळतो, उलगडून त्याच्या चार घड्या पाडतो आणि एक घडी समोर धरतो. मग त्यांच्या लक्षात येतं की मोबाइलमधला वाघ यात मावत नाही. कागदी नियम हातावर उतरवून दाखवला की पोरं शहाण्यासारखी ऐकतात, हा माझा अनुभव आहे. त्यांना कुणी दाखवतच नाही. अकॅडमीच्या भिंतीवर पळायच्या वेळा लिहिलेल्या असतात, उंची-छातीची मापं असतात, गोळ्याचं वजनही असतं. टॅटूचं एक वाक्य नसतं.

आणि हे कळतं कधी? जीडीच्या भरतीत आधी कॉम्प्युटरवर लेखी परीक्षा, मग मुलांना २४ मिनिटांत ५ किलोमीटर, मग उंची-छातीचं माप आणि त्यानंतर मेडिकल. फॉर्म भरल्यापासून इथवर यायला कितीतरी महिने जातात. बापानं अकॅडमीची फी भरलेली असते, आईनं दूध-अंड्याला पैसे काढून ठेवलेले असतात. पळण्यात निघालेलं पोर हातावरच्या चार बोटं शाईनं परत येतं. ही परीक्षा २०२४ पासून मराठीतही देता येते, ही फार चांगली गोष्ट झाली. पण जाहिरात अजून इंग्रजी आणि हिंदीत. तीही पानंच्या पानं. टॅटूचा परिच्छेद कुठंतरी वैद्यकीय निकषांच्या गर्दीत. पाटण किंवा माणमधल्या वाडीवरच्या पोरानं तो शोधून, समजून घेऊन मग जत्रेला जावं, अशी आपली अपेक्षा आहे का?

मेडिकलमध्ये बाद झालेली सगळीच पोरं गप्प बसली असं नाही. सोलापूरच्या एका तरुणाला हातावरच्या धार्मिक टॅटूमुळे सीआयएसएफनं चालकाच्या पदासाठी अपात्र ठरवलं होतं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उजव्या हातावर टॅटू असलेल्या एका उमेदवाराला तो काढून पुन्हा मेडिकल बोर्डासमोर जायची मुभा दिली. हे निकाल मी दुकानात येणाऱ्या पोरांना सांगतो, पण लगेच हेही सांगतो की कोर्टाची पायरी चढायला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात आणि तोवर वय निघून जातं.

‘टॅटू काय, लेसरनं काढता येतो’ असं आपल्या लेखात एका ओळीत उरकलं आहे. त्या ओळीवर विसंबून कुणी हात गोंदवून घेईल, म्हणून खुलासा करतो. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, त्याखालच्या थरात असते. शरीरातल्या पेशी तिचे कण धरून ठेवतात, म्हणून तर ती वर्षानुवर्षं जात नाही. लेसर त्या कणांचा चुरा करतो आणि तो चुरा शरीर हळूहळू वाहून नेतं. हे एका बैठकीत होत नाही. दोन बैठकांत सहा-आठ आठवडे सोडावे लागतात आणि बैठका अनेक लागतात. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर ऐकते. हिरवी, निळी, पिवळी फार दमवते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर मागे पांढरट डाग राहायची भीती असते. खर्च तर शेतमजुराच्या पोराला झेपण्यापलीकडचा. आणि येतात कधी? मेडिकलची तारीख लागली की! “पुढच्या सोमवारी मेडिकल आहे, काहीतरी करा.” काय करू?

मग काही जण घरी प्रयोग करतात. चुना लावतात, मिठानं घासतात, कुठूनतरी ॲसिड आणतात. अशा हातांवर टॅटू जाऊन जाड वण उठलेला मी पाहिला आहे, आणि वणाबद्दलही मेडिकलला विचारतातच. दुसरी मागणी असते झाकून देण्याची. जुन्या टॅटूवर नवा करून द्या, म्हणजे मुलीचं नाव जाईल आणि महादेव येईल. आमच्या धंद्यात याला कव्हर-अप म्हणतात. पण जुनं झाकायचं तर नवं चित्र त्याच्याहून बरंच मोठं आणि गडद करावं लागतं. पाव हिश्श्यात बसणारा टॅटू झाकायला गेलं की अर्धा हात भरतो. चित्र नियमात आलं, माप नियमाबाहेर गेलं. भरतीवाल्याला कव्हर-अप सुचवणारा टॅटूवाला त्याच्या खिशाकडे बघतो आहे, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

माझ्या धंद्यातल्या लोकांवर आपल्या लेखकानं जो राग काढला आहे तो काही प्रमाणात मला मान्य आहे. जत्रेत बॅटरीवरची मशीन घेऊन बसणारा वय विचारत नाही, सुई बदलत नाही, भरतीचं तर नावच नको. मी अठराच्या आतल्या पोराला परत पाठवतो आणि ते पोर शेजारच्या गल्लीत जाऊन तेच चित्र काढून घेतं. माझं गिऱ्हाईक गेलं, त्याचं नुकसान टळलं नाही. या धंद्याला परवाना, तपासणी असं काही लागावं, याला माझा विरोध नाही. उलट लागावंच.

हे झालं गणवेशाचं. तिथं निदान नियम लिहिलेला आहे. अवघड असला, दोन दलांत दोन असला, तरी वाचता येतो आणि वाचला तर पाळता येतो. विमान कंपन्यांचंही तसंच. केबिन क्रूच्या जाहिरातीत स्पष्ट असतं की गणवेश घातल्यावर दिसेल असा टॅटू नको. आमच्या भागातल्या मुलीही आता पुण्याला जाऊन त्याचा कोर्स करतात. त्यांना मी सांगतो, मनगट, मान, पोटरी सोडा. त्या ऐकतात. भांडण मिटलं.

माझं खरं भांडण आहे ते न लिहिलेल्या नियमाशी, आणि त्याबद्दल आपल्या लेखात एक अक्षर नाही.

माझ्या एका गिऱ्हाइकाचं सांगतो. मुलगी एमबीए झालेली. वडील गेले तेव्हा त्यांची सही तिनं मनगटावर करून घेतली होती. जुन्या चेकवरून मीच ती उतरवली. बोटभर लांब, बारीक रेघ. एका खासगी कंपनीत मुलाखतीच्या दोन फेऱ्या चांगल्या झाल्या. तिसऱ्या फेरीत समोरच्या साहेबांनी तिच्या मनगटाकडे बघून विचारलं, “हे पर्मनंट आहे का?” ती हो म्हणाली. पुढं विषय बदलला आणि नंतर फोन आला नाही. आता सहीमुळे नोकरी गेली का? तिला माहीत नाही, मलाही माहीत नाही. कदाचित दुसरी मुलगी जास्त हुशार असेल. पण पुढच्या मुलाखतीला ती भर मे महिन्यात लांब बाह्या घालून, वर घड्याळाचा रुंद पट्टा बांधून गेली, आणि तिथं नोकरी लागली. तिच्या मनानं हिशोब जोडून टाकला. तुम्ही-आम्ही असतो तर वेगळा जोडला असता का?

जाहिरातीत लिहिलं असतं की टॅटू नको, तर ती गेलीच नसती, किंवा जाताना झाकून गेली असती. लिहिलेलं नाही, विचारलं तर ‘आमच्याकडे असं काही नाही’ म्हणतात, आणि निवड मात्र बघून करतात. खासगी नोकरीत टॅटूवरून डावलू नये असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे दादही मागता येत नाही. बरं, सगळीकडे सारखं असतं तरी चाललं असतं. हॉटेलात आत भट्टीवर काम करणाऱ्या शेफचे दोन्ही हात भरलेले चालतात, बाहेर रिसेप्शनवरच्या पोराच्या मानेवरचा ‘ॐ’ चालत नाही. हिंजवडीच्या आयटीवाल्याला कुणी विचारत नाही, सोन्याच्या दुकानातल्या सेल्समनला पहिल्याच दिवशी फुल शर्ट घालायला सांगतात. गिऱ्हाइकाला काय वाटेल, हे कारण सगळे देतात. सोनं घ्यायला आलेल्या आज्जींच्या हनुवटीवर तीन ठिपके असतात हो! त्यांना सेल्समनच्या हातावरचा विठोबा बघून काय वाटणार आहे?

आणि हे ठिपके अजून संपलेले नाहीत. भटक्या-विमुक्तांच्या पालांवर आजही लहान मुलीला आई हनुवटीवर, कपाळावर गोंदून घेते. ती मुलगी उद्या शिकून मुलाखतीला गेली, तर तिच्या तोंडावरच्या ठिपक्याला कुणी हौस म्हणू शकत नाही. तिला विचारून कुणी गोंदलेलंच नव्हतं. सैन्यानं आदिवासी उमेदवारांसाठी जो विचार केला, तो इथल्या बँका, रुग्णालयं आणि दुकानांनी करून बघावा. न्यूझीलंडच्या सरकारी विमान कंपनीनं माओरी लोकांच्या पारंपरिक गोंदणाचा विषय बरीच वर्षं अडवून धरला होता. २०१९ मध्ये तिनं गणवेशातल्या कर्मचाऱ्यांनाही दिसणारे टॅटू ठेवायची परवानगी दिली. शिवीगाळ किंवा द्वेष दाखवणारं चित्र नको, एवढी अट घातली. विमानं पूर्वीसारखीच उडत आहेत.

मी टॅटू विकून पोट भरतो, तेव्हा मी टॅटूची बाजू घेणारच, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण कुठल्याही नोकरीत कुठलाही टॅटू चालवून घ्या, असं माझं म्हणणं नाही. मानेवर शिवी गोंदलेला माणूस मीसुद्धा दुकानात गल्ल्यावर बसवणार नाही. माझं मागणं लहान आहे. केंद्रीय दलांनी सैन्याशी जुळवून घेऊन एकच नियम करावा, म्हणजे एकाच पोराचा एकच हात दोन ठिकाणी दोन निकालांना जाणार नाही. तोवर निदान ऑनलाइन फॉर्म भरतानाच, उंचीच्या रकान्याशेजारी, टॅटू आहे का, कुठं आहे, केवढा आहे, हे चित्र दाखवून मराठीत विचारावं. जो बाद होणार त्याला पहिल्या दिवशी कळावं. खासगी कंपन्यांना अट घालायची असेल तर खुशाल घालावी, पण जाहिरातीत छापून.

आणि एक काम आपल्या वर्तमानपत्राला करता येईल. भरतीच्या जाहिराती आणि ‘सुवर्णसंधी’च्या बातम्या आपण ठळक छापता. पुढच्या वेळी त्याच चौकटीत टॅटूचा नियम मराठीतून द्यावा : सैन्याचा वेगळा, जीडीचा वेगळा, हाताच्या आकृतीसह. आकृती काढून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. यात्रांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी छापलंत तर जास्त बरं, कारण पोरं हात पुढं करतात ती तिथंच. ते कात्रण मी माझ्या दुकानात लावीन आणि गावातल्या अकॅडमीवाल्यांनाही नेऊन देईन. त्यातल्या दोघांशी बोलणं झालं आहे, ते लावायला तयार आहेत.

आपला नियमित वाचक,
एक टॅटूवाला, कराड (जि. सातारा)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)